फेसाखालचे ग्रॅम

अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या रुग्णाच्या रक्ताचा सामू काही मिनिटांत कागदावर येतो आणि त्यावरून पुढचे उपचार ठरतात. सामू, म्हणजे पीएच, मोजण्याची ही पट्टी १९०९ साली सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने मांडली. ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करत होते आणि ही प्रयोगशाळा त्याच नावाच्या बिअर कंपनीच्या मालकाने १८७५ मध्ये उभारलेली होती. तिथेच १८८३ मध्ये एमिल हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून यीस्टची शुद्ध जात वाढवून दाखवली. दोन औषधांपैकी कोणते सरस हे ठरवताना वैद्यकाचे विद्यार्थी जी ‘स्टुडंट्स टी टेस्ट’ लावतात, तिचा जन्मही बिअरच्या कारखान्यातला. विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस कंपनीतले नोकरदार. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापायचे नाही, असा कंपनीचा दंडक होता, म्हणून १९०८ मध्ये त्यांनी आपला निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केला. सातूच्या मोजक्या नमुन्यांवरून भरवशाचा निष्कर्ष कसा काढायचा, हा त्यांच्यापुढचा व्यावहारिक प्रश्न होता.

बिअर हा मोजमापाचा धंदा आहे, हे सांगण्यासाठी एवढा इतिहास. पाण्यातले क्षार, सातू भिजवण्याचे तापमान, उकळण्याचा वेळ, टाकीतल्या द्रावाची घनता असे सगळे बिअर बनवणारा मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो. मोजत नाही तो पिणारा. टाकीपासून तोटीपर्यंत दशांशात चाललेला हिशेब ग्लास टेबलावर आला की एकदम ‘दोन झाले’, ‘तीन झाले’ यावर येतो. महाराष्ट्रात स्थानिक, ताज्या, हाताने बनवलेल्या म्हणजे ‘क्राफ्ट’ बिअरची आवड वाढत असताना काळजी करावी अशी गोष्ट कोणती असेल, तर ती ही.

ही आवड आपल्याकडे येऊन दीड दशक उलटले. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींमध्ये तिची गणना होते. या नावामागे नाशिकजवळचे देवळाली आहे. मायदेशी परतणाऱ्या जहाजाची वाट पाहत ब्रिटिश सैनिक देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असत. उकाडा, रिकामपण, मलेरिया आणि दारू यांनी त्यांची डोकी फिरत. त्या अवस्थेला सैनिकांनी ‘डूलाली टॅप’ म्हणायला सुरुवात केली. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुढे इंग्रजीत ‘डूलाली’ हा शब्द भ्रमिष्ट या अर्थाने रुळला. तर त्या पहिल्या प्रयोगानंतर पुण्यात मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर, बालेवाडी अशा भागांत आणि मुंबईतही काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या दिसणारी ठिकाणे वाढत गेली. शनिवारी संध्याकाळी तिथे टेबल मिळणे मुश्कील असते. आई-वडिलांना घेऊन आलेली मुलेही दिसतात. वीस वर्षांपूर्वीच्या परमिट रूममध्ये हे चित्र दिसले नसते.

यात आनंद आहे हे मान्य करायला हवे. चांगल्या ठिकाणी बिअर बनवणारा स्वतः टाक्या दाखवतो, मूठभर भाजलेले सातू चावायला देतो, हॉप्सची सुकी फुले चुरगळून हुंगायला लावतो. त्याचे बोलणे ऐकताना मराठी घरातल्या माणसाला काहीतरी ओळखीचे वाटू लागते. बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना नाचणी भिजवतात, मोड आणतात, वाळवतात आणि दळतात. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि ते पिठूळ पदार्थाचे साखरेत रूपांतर करू लागते. म्हणून मोडाच्या नाचणीची खीर पातळ राहते आणि बाळाला सहज पचते. सातूला मोड आणण्यामागे हेच विज्ञान आहे. फरक इतकाच की ती साखर बाळाला न देता यीस्टला दिली जाते. यीस्ट ती खाते आणि दोन गोष्टी मागे सोडते. फेस आणणारा कार्बन डायऑक्साइड ही एक, इथेनॉल ही दुसरी. गव्हाच्या बिअरला येणारा केळ्याचा वास केळ्याशिवाय येतो. तो आयसोअमाइल ॲसिटेट या द्रव्याचा आणि यीस्टनेच बनवलेला असतो. लवंगेची झाकही तशीच. आंब्याच्या दिवसांत कोणी आंबा घालून पाहतो, कोणी कोकम. अशा गोष्टी जाणून घेत सावकाश एक ग्लास पिणारा माणूस आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून स्ट्राँग बिअरच्या दोन बाटल्या रिचवणारा माणूस यांच्या पिण्यात फरक आहे. मात्र पोटात गेल्यावर इथेनॉलचा रेणू या दोघांत फरक करत नाही.

टाकीत मद्यांश किती झाला हे बिअर बनवणारा कसे ओळखतो, तेही पाहण्यासारखे आहे. त्याच्याकडे हायड्रोमीटर असतो. दूध संकलन केंद्रावरच्या लॅक्टोमीटरचा हा सख्खा भाऊ. साखर विरघळलेला द्राव पाण्यापेक्षा जड असतो. यीस्टने साखर खाल्ली की तो हलका होतो. आंबवण्याआधीची घनता १.०५० आणि नंतरची १.०१० असेल तर फरक ०.०४०. त्याला १३१ ने गुणले की सुमारे सव्वापाच टक्के मद्यांश निघतो. म्हणजे हा आकडा प्रत्येक टाकीमागे बनवणाऱ्याच्या वहीत असतोच. काही ठिकाणी तो फळ्यावर किंवा मेनूकार्डावरही लिहिलेला असतो, पण सर्वत्र नाही. लिहिलेला असला तरी बिअरच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत ६.८ हा आकडा वाचून आपल्या यकृतापुढे नेमके किती काम येणार आहे, हे कितीजणांना उमगते?

त्यासाठी हिशेब ग्रॅममध्ये करावा लागतो आणि तो अवघड नाही. मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले शंभर, गुणिले ०.७९. शेवटचा आकडा इथेनॉलच्या घनतेचा. हे सूत्र लावून पाहिले की अनेक समजुती कोलमडतात. ३० मिलिलिटरचा व्हिस्कीचा लहान पेग साधारण १० ग्रॅम इथेनॉल देतो. ५०० मिलिलिटरचा पाच टक्क्यांच्या बिअरचा ग्लास जवळपास २० ग्रॅम देतो, म्हणजे दोन लहान पेगांइतके. तोच ग्लास साडेसहा टक्क्यांच्या इंडिया पेल एलचा असेल तर २५ ते २६ ग्रॅम. आठ टक्क्यांची बिअर असेल तर जवळपास ३२ ग्रॅम, म्हणजे तीन पेगांहून थोडे जास्तच. वाइन शॉपमधली आठ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बाटली तर ४१ ग्रॅमपर्यंत जाते. ‘हार्ड ड्रिंक सोडले, आता फक्त बिअर’ असे अभिमानाने सांगणाऱ्या गृहस्थांनी अशा दोन बाटल्या घेतल्या तर त्यांनी आठ लहान पेग घेतलेले असतात.

त्यात ‘पिंट’ या शब्दाने आणखी गोंधळ घातला आहे. वाइन शॉपमध्ये पिंट म्हणजे ३३० मिलिलिटरची छोटी बाटली. ब्रिटिश पिंट ५६८ मिलिलिटरची. अमेरिकी पिंट ४७३ ची. ब्रुअरीत पिंट मागितली की मालकाने जो ग्लास खरेदी केला असेल तो येतो. म्हणजे ‘दोनच पिंट घेतल्या’ या वाक्याचा अर्थ २६ ग्रॅमही होऊ शकतो आणि ६० ग्रॅमच्या वरही. सोनार तोळ्याचा अर्थ दुकानागणिक बदलू लागला तर लोक ऐकून घेतील का?

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात या गोंधळाचे रोजचे रूप पाहायला मिळते. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालेले असते, यकृताची एंझाइम्स वाढलेली असतात. दारू घेता का, या प्रश्नावर उत्तर येते, ‘नाही डॉक्टर, दारूला हात लावत नाही. बिअर घेतो, तीपण शनिवार-रविवार.’ हा माणूस खोटे बोलत नसतो. त्याच्या कोशात बिअर हा दारूचा प्रकारच नसतो. केसपेपरवर मग ‘मद्यपान नाही’ अशी नोंद होते आणि सगळा दोष वडापावला आणि बैठ्या कामाला जातो. त्यांचाही वाटा असतोच. पण २०२३ मध्ये यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी फॅटी लिव्हरचे वर्गीकरण नव्याने केले, तेव्हा चयापचयाचा बिघाड आणि मद्य या दोन्हींमुळे होणाऱ्या आजाराचा स्वतंत्र गट केला. त्याची मर्यादा ग्लासांत सांगितलेली नाही, ग्रॅममध्ये आहे. पुरुषांसाठी आठवड्याला २१० ते ४२० ग्रॅम, स्त्रियांसाठी १४० ते ३५० ग्रॅम. आता हिशेब करा. शुक्रवार, शनिवार आणि रविवार प्रत्येकी तीन ग्लास, ५०० मिलिलिटरचे, साडेसहा टक्क्यांचे. बेरीज होते सुमारे २३० ग्रॅम. हा ‘सोशल ड्रिंकर’ थेट त्या गटात जाऊन बसतो. त्यातच पोट सुटलेले आणि साखर वाढलेली असेल, तर यकृतावर दोन्हीकडून मारा होतो. ही मर्यादा आजाराच्या वर्गीकरणासाठी आहे, तिच्या आत राहिले म्हणजे धोका नाही असा तिचा अर्थ नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ मध्ये दिलेला सल्ला याहून बराच कडक आहे. स्त्री असो वा पुरुष, आठवड्याला १४ युनिट, म्हणजे ११२ ग्रॅम, यापलीकडे जाऊ नये आणि तेवढेही एका रात्रीत संपवू नये.

क्राफ्ट बिअरच्या बाजूने हमखास येणारा युक्तिवाद नैसर्गिकपणाचा आहे. रसायने नाहीत, गाळलेली नाही, पाश्चराइज केलेली नाही, म्हणून ‘हेल्दी’. हे ऐकून कोकणातल्या आणि पालघर-डहाणूकडच्या माडी उतरवणाऱ्यांना हसू येईल. माडीही ताजी, स्थानिक आणि झाडावरून उतरवलेली असते, कोणत्याही यंत्राशिवाय आपोआप आंबते. ती पिणाऱ्याला कोणी ‘जाणकार’ म्हटल्याचे ऐकिवात नाही. नैसर्गिकपणाचा मान बहुधा ग्लासाच्या किमतीप्रमाणे मिळत असावा. असो. न गाळलेल्या बिअरमध्ये यीस्टसोबत ‘ब’ गटातली काही जीवनसत्त्वे असतात हे खरे आहे. पण इथेनॉल त्याच गटातल्या थायमिन आणि फोलेटचे शोषण बिघडवते, त्यामुळे जीवनसत्त्वांसाठी बिअर घेणे म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणे. साधे ताक हे काम बिनबोभाट करते. रसायनांचे म्हणायचे तर बिअरमधले सर्वांत घातक रसायन ‘इथेनॉल’ हेच आहे आणि ते कोणी बाहेरून मिसळत नाही.

शरीरात इथेनॉलचे आधी ॲसिटाल्डिहाइड होते आणि हे द्रव्य पेशींतल्या डीएनएला इजा करते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच पहिल्या गटातले, म्हणजे माणसात कर्करोग घडवत असल्याचा पुरेसा पुरावा असलेले, कारक ठरवले. तंबाखू त्याच गटात आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन या अवयवांचे कर्करोग त्याच्याशी जोडलेले आहेत. स्तनाच्या कर्करोगाबाबत तर रोजच्या दर १० ग्रॅममागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, असे मोठ्या एकत्रित विश्लेषणातून पुढे आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही असे स्पष्ट केले. म्हणजे जो पीत नाही, त्याने ‘क्राफ्ट आहे’ म्हणून सुरुवात करण्याचे काही कारण नाही. जो पितो त्याच्यासाठी कमी म्हणजे कमी धोका, इतकाच याचा अर्थ. तंबाखू-मिश्रीची सवय आणि सोबत मद्य असेल तर तोंड आणि अन्ननलिकेचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याच्या कितीतरी पट वाढतो. ज्या राज्यात गुटख्याच्या पुड्या बंदी असूनही पायाखाली येतात, तिथे हे विसरता येत नाही.

आता मुतखड्याविषयी. महाराष्ट्रात बिअरचा जितका वैद्यकीय उपयोग या एका आजारासाठी सांगितला जातो तितका क्वचितच दुसऱ्या कशासाठी सांगितला जात असेल. ‘दोन बिअर मार, खडा पडून जाईल’ हा सल्ला शेजारी देतो, कार्यालयातला सहकारी देतो आणि खेदाची गोष्ट म्हणजे कधीकधी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा असलेलाही देतो. बिअर प्यायल्यावर लघवी भरपूर होते हे खरे. कारण इथेनॉल मेंदूतून स्रवणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाला दाबते. मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगणारे हे संप्रेरक. ते गप्प बसले की प्यायल्यापेक्षा जास्त पाणी बाहेर जाऊ शकते, आणि पहाटे तोंडाला कोरड पडते ती त्यामुळेच. लघवी गाढ होते, आणि खडा बनायला गाढ लघवीच लागते. त्यात बिअरमध्ये प्युरिन असते, त्याचे यूरिक ॲसिड बनते आणि यूरिक ॲसिडचेही खडे होतात. मग अनेकांचा खडा खरोखरच पडतो तो कसा? पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतांश खडे आपले आपणच पडतात. पाण्याने पडला असता, लिंबू सरबताने पडला असता, काहीच न करता पडला असता. श्रेय मात्र आदल्या रात्रीच्या बाटलीला जाते. खडा मोठा असेल आणि मूत्रवाहिनीत अडकलेला असेल, तर लघवीचा लोट वाढवल्याने वेदना वाढते. ताप असेल तर ती तातडीची अवस्था असते आणि तिथे बिअरवर गेलेले दोन दिवस मूत्रपिंडाला महागात पडू शकतात.

प्युरिनवरून गाउट. पायाचा अंगठा रात्रीत लाल होऊन सुजतो आणि चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, तो हा आजार. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा १२ वर्षे मागोवा घेतला गेला. मद्याने गाउटचा धोका वाढतोच, पण सर्वांत जास्त वाढतो तो बिअरने, असे त्यात दिसले. वाइनचा तसा संबंध दिसला नाही. म्हणून यूरिक ॲसिड वाढलेल्या माणसाने ‘व्हिस्की नको, बिअर बरी’ असा सौदा करू नये.

मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी आणखी एक धोका आहे, आणि तो टेबलावरच्या मित्रांनाही ठाऊक असावा. रक्तातली साखर कमी झाली की यकृत नवी साखर बनवून ती सावरते. इथेनॉल पचवण्यात गुंतलेले यकृत हे काम नीट करू शकत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेला माणूस, सोबत चकण्यापुरतेच खाणे आणि तीन ग्लास बिअर, एवढ्यावर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम येतो, बोलणे अडखळते, तोल जातो, माणूस झोपाळतो. मित्रांना वाटते त्याला चढली. त्याला रिक्षात घालून घरी झोपवून येतात. सकाळी तो उठत नाही. तेव्हा मधुमेही मित्र टेबलावर असा वागू लागला तर आधी साखर तपासावी, ग्लुकोमीटर नसेल आणि तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर साखरपाणी द्यावे, आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे.

गाडीचा प्रश्न तर प्रत्येक ब्रुअरीच्या दारातच उभा असतो. यांतील बहुतेक ठिकाणे शहराच्या कडेला, रात्री उशिरा बस नसलेल्या भागांत आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले की गुन्हा होतो. पहिल्यांदा सापडल्यास दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ७० किलोच्या पुरुषाने पाच टक्क्यांचा ५०० मिलिलिटरचा एक ग्लास लवकर संपवला तर ढोबळ हिशेबाने पातळी ४० च्या आसपास जाते. ५५ किलोच्या स्त्रीची ६० च्याही वर, कारण तिच्या शरीरात पाण्याचा वाटा कमी असतो. म्हणजे एका ग्लासातच मर्यादा ओलांडली जाऊ शकते. उतरण्याचा वेग तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. कॉफी, गार पाण्याची अंघोळ, लिंबू, उलटी यांपैकी कशानेही तो वाढत नाही. याच सत्तर किलोच्या माणसाने रात्री नऊला सुरुवात करून सहा टक्क्यांचे चार ग्लास घेतले, तर पोटात ९५ ग्रॅम इथेनॉल गेलेले असते. त्याची पातळी कायद्याच्या मर्यादेखाली येते ती दुसऱ्या दिवशी सकाळी आठनंतर. रात्री शहाण्यासारखा कॅब करून गेलेला हा माणूस सकाळी साडेसातला मुलीला शाळेत सोडायला स्वतः गाडी काढतो, आणि आपण काही चुकीचे करतो आहोत हे त्याच्या मनातही येत नाही.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन चालकाच्या भरधाव गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा पबच्या वेळा, ग्राहकांचे वय, परवाने यांची झडती झाली. ती व्हायलाच हवी होती. मात्र कायद्याने सज्ञान असलेला, परवाना असलेला, वेळेत घरी निघणारा ग्राहक किती पितो हे त्याला कळावे यासाठी काय करायचे, हा प्रश्न त्या गदारोळात मागे राहिला.

परवान्यावरून राज्याच्या कायद्यातली एक गंमत आठवते. महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मिळणाऱ्या या परवान्याचा हेतू ‘आरोग्य राखणे’ असा लिहिलेला असतो. कर्करोगकारक म्हणून घोषित झालेला पदार्थ राज्य सरकार नागरिकाला प्रकृतिस्वास्थ्यासाठी मंजूर करते! दारूबंदीच्या काळातली ही पळवाट कागदावर अजून टिकून आहे. पण आरोग्याचे नाव घेतलेच आहे, तर त्या नावाने काही उपयोगाचेही करता येईल.

बाटलीबंद बिअरवर मद्यांशाचा टक्का आणि ‘मद्यपान आरोग्यास अपायकारक’ हा इशारा छापणे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी बंधनकारक आहे. पाच टक्क्यांपर्यंतची साधी आणि पाचच्या वर आठ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग, अशी विभागणीही त्याच नियमांत आहे. तोटीतून ओतलेल्या ग्लासाला मात्र लेबल नसते. तिथे लेबलाचे काम फळ्याने आणि मेनूकार्डाने करायला हवे. प्रत्येक बिअरपुढे चार गोष्टी हव्यात. मद्यांशाचा टक्का, ग्लासाचे माप मिलिलिटरमध्ये, त्यातले इथेनॉल ग्रॅममध्ये, आणि ते किती लहान पेगांइतके आहे तो आकडा. अक्षरे नावाच्या अक्षरांएवढी असावीत आणि मराठीतही असावीत. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे या ठिकाणांवर लक्ष असतेच, टाकीत किती तयार झाले आणि किती विकले गेले याच्या नोंदी तो पाहतो. टाकीगणिक मद्यांशाचा आकडा मालकाकडे तयार असतो. एका सूत्राने त्याचे ग्रॅम होतात. यासाठी नवे यंत्र नको, नवा कायदाही बहुधा नको, परवान्याच्या अटींत एक कलम घातले तरी भागेल.

मालकांचाही यात तोटा नाही. चांगली क्राफ्ट बिअर चवीवर विकली जाते, मद्यांशावर नाही. साडेतीन-चार टक्क्यांत दमदार चवीची बिअर बनवणे हे खरे कसबाचे काम, कारण तिथे चव सांभाळायला इथेनॉलची ऊब हाताशी नसते. अशी एक तरी बिअर प्रत्येक फळ्यावर असावी आणि ती सर्वांत स्वस्त असावी. छोटा, २०० मिलिलिटरचा ग्लास मागितला तर वेटरने भुवया उंचावू नयेत. चवी पाहण्यासाठी सहा छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मिळतो, त्याचाही हिशेब लिहिलेला असावा. शंभर-शंभर मिलिलिटरचे सहा ग्लास, सरासरी सहा टक्के, म्हणजे २८ ग्रॅम. अनेकजण सॅम्पलर हा नमुना समजून संपवतात आणि ‘आता खरी सुरुवात’ म्हणून मोठा ग्लास मागवतात. चालकासाठी बिनमद्याचे पेय फुकट आणि टेबलावर न मागता पाण्याचा जग, या दोन गोष्टी तर उद्यापासून सुरू करता येतील.

तोवर ग्राहकाने मागणी नोंदवताना दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. यात किती टक्के आहे, आणि ग्लास किती मिलिलिटरचा आहे? बिअर मन लावून बनवणारा माणूस पहिल्या प्रश्नाचे उत्तर आनंदाने आणि लांबलचक देतो. ग्लासाच्या मापाचे उत्तर बऱ्याचदा वेटरला आत जाऊन विचारून यावे लागते.